एकाच मशीनवर चार टॉमकॅट

आम्ही ज्या पतसंस्थेचं सॉफ्टवेअर सांभाळतो तिचं मुख्य कार्यालय हडपसरला. शाखा सोलापूर रस्त्याने उरुळी कांचनपर्यंत आणि दिवेघाट चढून सासवड-जेजुरीपर्यंत. सर्व्हर मात्र एकच: ६४ जीबी रॅम, १६ लॉजिकल कोअर, लिनक्स, जावा ८ आणि जावाची वेब ॲप्लिकेशनं चालवणारा टॉमकॅट ९. पोस्टग्रेस हा डेटाबेस शेजारच्या वेगळ्या मशीनवर. सगळ्या शाखा एकाच टॉमकॅटवर चालायच्या आणि एरवी बऱ्या चालायच्या.

त्रास दोन होते. पहिला, भर दुपारी व्याजदराच्या स्क्रीनवरची एवढीशी दुरुस्ती चढवायची तरी सगळ्या शाखांचे काउंटर थांबवावे लागत. दुसरा, २४ जीबीचा हीप (जावाची कामाची मेमरी) भरत आला की फुल जीसी (त्यातला सगळा कचरा काढण्याचा प्रकार) सुरू व्हायचा आणि सगळं जागच्या जागी थिजायचं. जावा ८ ला आपण काही सांगितलं नाही तर अशा मशीनवर ते पॅरलल जीसी वापरतं. तो जोमदार आहे, पण कचरा काढताना ॲप्लिकेशनचा एकही थ्रेड हलू देत नाही. सासवडहून फोन यायचा, "सर, परत गेलं का हो?" आणि फोन उचलून उत्तर देईपर्यंत ते परत आलेलं असायचं, त्यामुळे आपण काय केलं हे सांगताही यायचं नाही.

त्याऐवजी जी-वन हा जीसी लावून दुसरा त्रास बराच आवरला. पहिला कसा आवरणार? एक प्रोसेस आहे तोवर ती बंद केली की दुकान बंद. दुसरं मशीन मागितलं. मॅनेजर साहेब म्हणाले, "संचालक मंडळापुढे ठेवतो. पण तोवर आहे त्यातच बसवा ना. चौसष्ट जीबी आहे म्हणता, मग?" त्यांचं अगदीच खोटं नव्हतं. मशीनच्या कोअरपैकी निम्मे दिवसभर रिकामे बसलेले असायचे.

मग त्याच मशीनवर चार टॉमकॅट, म्हणजे चार नोड, चालवायचं ठरवलं. टॉमकॅटची ही सोय फार जुनी आहे आणि तरीही अनेक जण आख्खं फोल्डर चार वेळा कॉपी करतात. त्याची गरज नाही. कॅटॅलिना होम म्हणजे टॉमकॅटचा स्वतःचा संसार: बिन आणि लिब. तो एकच ठेवायचा. कॅटॅलिना बेस म्हणजे त्या-त्या नोडचं: कॉन्फ, लॉग्ज, वेबॲप्स, वर्क, टेम्प. असे बेस चार. याचा खरा फायदा सुरक्षेची नवी आवृत्ती येते तेव्हा कळतो. होम एकाच जागी बदलायचा आणि नोड एकेक करून उठवायचे.

मग पोर्ट. एचटीटीपीचं ८०८० बदलायचं हे सगळ्यांना सुचतं. ८००५ कोणाच्या लक्षात येत नाही. हे शटडाउनचं पोर्ट. त्यावर शटडाउन हा शब्द पाठवला की टॉमकॅट निमूट बंद होतो. आमच्याकडे नवीन मुलगा रुजू झाला की त्याला टेस्ट मशीनवर हा खेळ मुद्दाम करून दाखवतो, कारण सांगून तो पटत नाही. दुसऱ्या नोडचं फक्त ८०८० बदलून ८०८१ करायचं, ८००५ तसंच ठेवायचं आणि सुरू करायचं. लॉगमध्ये सगळं व्यवस्थित येतं, इतक्या मिलिसेकंदांत सर्व्हर सुरू झाला अशी ओळसुद्धा येते, आणि तिच्या पाठोपाठ शटडाउन सॉकेट उघडता आलं नाही म्हणून नोड स्वतःहून गाशा गुंडाळतो. मग दुसऱ्या नोडच्या नावाने शटडाउनची स्क्रिप्ट चालवायची. ती दुसऱ्याची कॉन्फिग वाचते, ८००५ वर शब्द पाठवते आणि तिथे बसलेला पहिला नोड बंद पडतो. मुलगा स्क्रीनकडे बघत राहतो. "पण मी तर दुसरा बंद केला ना, सर?"

आम्ही ते पोर्ट चारही ठिकाणी उणे १ करून टाकलं, म्हणजे ते उघडतच नाही. बंद-चालू सगळं सिस्टमडीकडे, म्हणजे लिनक्सच्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रामकडे. त्यात एकच टेम्प्लेट युनिट लिहिता येतं, @ पुढे नोडचा क्रमांक दिला की कॅटॅलिना बेसचा मार्ग त्या क्रमांकावरून ठरतो. एक बारकावा असा की सिस्टमडीने सौम्यपणे थांबवलेला जेव्हीएम (जावा चालवणारी प्रोसेस) १४३ हा कोड देऊन बाहेर पडतो. तो यशस्वी समजावा असं युनिटमध्ये लिहिलं नाही, तर प्रत्येक साध्या रीस्टार्टनंतर नोड लाल अक्षरांत 'फेल्ड' दिसतो आणि रात्रपाळीचा माणूस उगाच घाबरतो. एजेपीचं (समोरच्या वेब सर्व्हरने टॉमकॅटशी बोलायची वेगळी पद्धत) ८००९ आम्हाला लागतच नव्हतं. २०२० मध्ये घोस्टकॅट नावाचं भगदाड त्याच वाटेने सापडलं होतं आणि त्यानंतरच्या टॉमकॅटमध्ये ते मुळातच कॉमेंट केलेलं, म्हणजे बंद असतं. तसंच राहू दिलं.

इथवर सगळं एका बैठकीत होतं. ज्यांनी वाइल्डफ्लाय हा दुसरा जावा सर्व्हर वापरलाय ते तर म्हणतील, आम्हाला एवढंही करावं लागत नाही. पोर्ट ऑफसेट १०० दिला की सगळी पोर्टं शंभराने पुढे सरकतात. खरं आहे. पण पोर्ट ही या कामातली सगळ्यात सोपी गोष्ट. पोर्टची टक्कर झाली तर निदान लॉगमध्ये लिहून येते. पुढच्या टकरी लिहून येत नाहीत.

वाड्यात नव्याने आलेल्या बिऱ्हाडाने आख्खा चौक आपलाच समजावा, तसा प्रत्येक जेव्हीएम आख्खं मशीन आपलंच समजतो. कमाल हीप सांगितला नाही तर तो रॅमच्या चौथ्या हिश्शापर्यंत जातो, म्हणजे इथे १६ जीबी. चार नोड, चार चतुर्थांश, झाली रॅम संपूर्ण. लिनक्सने काय खायचं? शिवाय हीप म्हणजे जेव्हीएमची सगळी मेमरी नव्हे. क्लासेसचा मेटास्पेस, कंपाइल झालेला कोड, प्रत्येक थ्रेडचा साधारण १ एमबीचा स्टॅक हे सगळं हीपच्या बाहेर. मेमरी खरीच संपली की लिनक्सचा ओओएम किलर येतो आणि बहुधा सगळ्यात धष्टपुष्ट प्रोसेस मारतो. मेलेल्या टॉमकॅटच्या लॉगमध्ये याची एक ओळही नसते, कर्नलच्या लॉगमध्ये बघावं लागतं.

कोअरचं तेच. जीसीचे समांतर थ्रेड किती, याचं गणित ठरलेलं आहे: पहिल्या ८ कोअरना ८, पुढच्यांच्या पाच-अष्टमांश. १६ कोअरवर प्रत्येक नोड १३ थ्रेड काढतो. चौघांचे ५२. सकाळी दहाला सगळ्या शाखा एकदम 'दिवस उघडतात', तेव्हा चारही नोडचा जीसी थोड्याफार एकाच वेळी जागा होतो आणि १६ कोअरसाठी ५२ जणांची झुंबड उडते. मग आम्ही प्रत्येकाला ४ थ्रेडवर बांधलं. हीपही आकडा घालून ठरवून दिला, आणि सुरुवातीचा व कमाल सारखाच ठेवला. कागदावर बसतं आणि दुपारी बाराला बसत नाही असं व्हायला नको.

डेटाबेसची बाजू मी विशेष सांगणार नाही, गुणाकार आहे. पूल (डेटाबेसशी उघडून ठेवलेल्या कनेक्शनचा साठा) ४० कनेक्शनचा होता, तो चार ठिकाणी गेला की १६०. पोस्टग्रेसची मर्यादा मुळात १००, त्यातल्या ३ जागा सुपरयूजरसाठी राखीव. गंमत एवढीच की पूल भरायला वेळ लागतो, त्यामुळे तिसऱ्या नोडपर्यंत सगळं सुरळीत वाटतं आणि चौथा नोड 'उरलेल्या जागा राखीव आहेत' असं उत्तर घेऊन बसतो. मर्यादा वाढवण्यापेक्षा पूल लहान केले. ४० कनेक्शन एकदम वापरात असल्याचं आम्हाला तसंही कधी दिसलं नव्हतं.

समोर लोड बॅलन्सर (आलेल्या विनंत्या नोडमध्ये वाटणारा) म्हणून आधी एनजिनएक्स होता, त्यात आयपी हॅश. एकाच पत्त्यावरून येणारा माणूस एकाच नोडवर जावा, म्हणजे त्याचं लॉगिन टिकतं. कल्पना चांगली. पण आमच्या सगळ्या शाखा व्हीपीएनने मुख्य कार्यालयात येतात आणि तिथून एकाच आयपीने सर्व्हरपर्यंत पोचतात. परिणाम असा की दुसऱ्या नोडवर सगळी पतसंस्था आणि उरलेले तिघे मोकळे. शाखांचे पत्ते वेगळे ठेवले असते तरी फार फरक पडला नसता, कारण आयपी हॅश आयपीव्ही४ च्या पत्त्याचे पहिले तीनच आकडे बघतो. एका ऑफिसातले सगळे त्याच्या लेखी एकच. मग एचएप्रॉक्सी हा दुसरा बॅलन्सर आणला. तो उत्तरात स्वतःची कुकी (ब्राउझरने जपायची छोटी खूण) घालतो आणि पुढच्या वेळी ती पाहून त्याच नोडकडे पाठवतो. शिवाय टॉमकॅटमध्ये प्रत्येक नोडला जेव्हीएम रूट म्हणून नाव दिलं, त्यामुळे सेशनच्या, म्हणजे एकेका लॉगिनच्या, आयडीच्या शेपटीला नोडचं नाव लागतं. तक्रार आली की कोणता लॉग उघडायचा हे लगेच कळतं.

हेल्थ चेकमध्ये एक खाच आहे. टॉमकॅट आपलं पोर्ट अगदी सुरुवातीलाच बांधून ठेवतो, ॲप्लिकेशन चढायच्या आधी. बॅलन्सर नुसतं पोर्ट उघडं आहे का एवढंच बघत असेल तर तो खुशाल त्या अर्धवट उठलेल्या नोडकडे माणसं पाठवतो आणि ती लटकून राहतात. म्हणून ॲप्लिकेशनचंच एक छोटं पान मागवून बघायचं.

एवढं झाल्यावर कोणी म्हणेल, संपलं. आमच्या मॅडम, ज्यांनी मूळ कोड बराच लिहिलेला आहे, म्हणाल्या, "थांबा. आधी सिंक्रोनाइज्ड शोधा." त्या म्हणाल्या म्हणून आख्ख्या कोडमध्ये तो शब्द, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारं जावाचं कुलूप, शोधला. जितक्या ठिकाणी सापडला त्यातली बरीच निरुपद्रवी निघाली. एक मात्र पावती क्रमांकाची होती.

पावती क्रमांक देण्याची पद्धत अशी होती: टॉमकॅट सुरू होताना प्रत्येक शाखेचा शेवटचा क्रमांक डेटाबेसमधून वाचायचा, मेमरीत ठेवायचा आणि मागेल त्याला एक वाढवून द्यायचा. दोन कॅशियरनी एकाच क्षणी मागितला तर घोटाळा नको म्हणून ती मेथड सिंक्रोनाइज्ड. एका प्रोसेसमध्ये हे बिनचूक आहे आणि कितीतरी वर्षं बिनचूक चाललं. पण ते कुलूप एका जेव्हीएमच्या आतलं आहे. दुसऱ्या प्रोसेसला ते दिसतच नाही. टेस्टवर दोन नोड उठवले, एका शाखेचे दोन कॅशियर वेगवेगळ्या नोडवर बसवले आणि दोघांना पावत्या फाडायला सांगितलं. दोन सभासद, दोन रकमा, क्रमांक एकच. टेबलवर दुबार क्रमांक नाकारणारा युनिक इंडेक्सही नव्हता, त्यामुळे डेटाबेसने दोन्ही नोंदी हसतमुखाने घेतल्या. पतसंस्थेत दुबार पावती क्रमांक म्हणजे काय, हे ज्यांनी लेखापरीक्षकासमोर बसून पाहिलंय त्यांनाच कळेल.

सोपा उपाय पोस्टग्रेसच्या सीक्वेन्सचा, म्हणजे पुढचा आकडा डेटाबेसकडूनच घेण्याचा. पण व्यवहार मधेच रद्द झाला तरी सीक्वेन्सने दिलेला आकडा परत येत नाही, आणि मग ४५१७ नंतर थेट ४५१९. लेखापरीक्षक विचारणार, ४५१८ कुठे आहे? 'व्यवहार रोलबॅक झाला' हे उत्तर त्यांच्या शेऱ्यात बसत नाही. म्हणून क्रमांकांचं एक वेगळं टेबल केलं. शाखा आणि आर्थिक वर्ष मिळून एक ओळ. क्रमांक हवा असला की ती ओळ 'सिलेक्ट फॉर अपडेट'ने धरायची, एक वाढवायचा, पावतीची नोंद करायची आणि त्याच व्यवहारात सगळं पक्कं करायचं. रद्द झालं तर क्रमांकही परत. धरून ठेवण्याचा काळ कमीत कमी राहावा म्हणून ओळ अगदी शेवटी धरायची, सगळी तपासणी होऊन गेल्यावर. जेजुरीचा काउंटर सासवडच्या ओळीसाठी अडत नाही. वर युनिक इंडेक्स घातला, तो आधीपासूनच असायला हवा होता. या एका बदलाची चाचणी बाकी सगळ्या कामापेक्षा जास्त चालली आणि ते योग्यच होतं असं माझं मत आहे.

मेमरीतल्या बाकीच्या गोष्टी त्यामानाने किरकोळ. व्याजदराचा तक्ता प्रत्येक नोडने आपापल्या कॅशमध्ये धरून ठेवलेला. एका नोडवर दर बदलला की उरलेल्यांवर जुनाच. कॅशचं आयुष्य कमी केलं. रात्रीची कामं चारही नोडवर चौपट व्हायची, मुदत संपत आलेल्या ठेवीचा एकच एसेमेस चार वेळा. ही कामं ठरल्या वेळी चालवणाऱ्या क्वार्ट्झला डेटाबेसमध्ये बसवून क्लस्टर पद्धतीने चालवलं. त्याची मोठी अट अशी की सगळ्या नोडची घड्याळं सेकंदाच्या आत जुळलेली हवीत. वेगवेगळ्या मशीनवर हे सांभाळावं लागतं, इथे घड्याळच एक.

पिग्मी एजंटांचं मोबाइल ॲप मात्र अनपेक्षितपणे रुसलं. ते कुकी जपतच नव्हतं. लॉगिन एका नोडवर, पुढची विनंती दुसऱ्यावर, आणि लॉगिनचा टोकन पहिल्याच्या मेमरीत. संध्याकाळी भरणा करायला बसलेल्या एजंटाला दर दोन नोंदींना पासवर्ड. ॲप बदलून सगळ्यांच्या फोनवर पोचवण्यापेक्षा टोकन डेटाबेसमध्ये ठेवणं सोपं पडलं.

सेशन एका नोडवरून दुसऱ्यावर कॉपी करण्याची टॉमकॅटची सोय आम्ही घेतली नाही. त्याचा मूळचा डेल्टा मॅनेजर प्रत्येक सेशन सगळ्या नोडवर ठेवतो, म्हणजे एकाच रॅममध्ये चार प्रती. आमच्या जुन्या सेशनमध्ये काय काय कोंबलेलं आहे ते पाहता ते सगळं सीरियलायझेबल, म्हणजे दुसरीकडे पाठवता येण्याजोगं, करणं हाच एक प्रकल्प झाला असता. त्याऐवजी एचएप्रॉक्सीत नोड 'ड्रेन'वर टाकतो. ज्यांच्याकडे त्या नोडची कुकी आहे ते काम चालू ठेवतात, नवे दुसरीकडे जातात. टॉमकॅटची सेशनची मुदत मुळात ३० मिनिटं. जेवणाच्या सुट्टीत एक नोड रिकामा होतो, त्यावर नवीन आवृत्ती चढते, मग पुढचा. सासवडच्या फोनचं प्रमाण खरोखर घटलं.

मॅनेजर साहेबांना मात्र एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते. चार नोड म्हणजे चार सर्व्हर नव्हेत. वीज एक, डिस्क एक, नेटवर्कची वायर एक. गुरुवारी महावितरणचं देखभालीचं काम निघालं आणि यूपीएसने मान टाकली की चारही नोड एकदम झोपतात. डिस्कचा अनुभव तर आम्हीच घेतला. एका नोडचा हीप फुटला, त्याने शिस्तीत हीप डंप लिहिला, डंप हीपएवढाच मोठा, लॉगचं पार्टिशन भरलं आणि ठणठणीत असलेल्या तिघांनाही लॉग लिहिता येईना. आता डंपसाठी वेगळं पार्टिशन आहे.

तो हीप फुटला होता अहवालामुळे. वर्षभराची खतावणी सगळ्या शाखांसाठी एकदम काढायची हौस मार्चमध्ये सगळ्यांनाच येते. म्हणून चौथा नोड सर्वसाधारण कामातून काढून फक्त अहवालांना दिला. तेरीज, ताळेबंद, खतावणी यांचे पत्ते एचएप्रॉक्सी थेट तिकडे पाठवतो. त्याचा हीप मोठा, कनेक्शनचा पूल लहान. मेमरी संपली तर जेव्हीएमने लटकत न बसता सरळ बाहेर पडावं असा पर्याय जावा ८ च्याच उशिराच्या अपडेटमध्ये आहे, तो लावला. सिस्टमडी त्याला पुन्हा उठवतो. ताळेबंद काढणारा थांबतो, पैसे मोजणारा थांबत नाही.

यातही कुकीने गाठलंच. हडपसरच्या लेखनिक ताई तक्रार घेऊन आल्या, "तेरीज बघितली ना सर, की परत काउंटरच्या स्क्रीनवर गेल्यावर लॉगिन मागतंय. दर वेळी." चौथ्या नोडला त्यांचं पहिल्या नोडवरचं सेशन माहीत नव्हतं. त्याने आपलं नवं सेशन काढलं आणि त्याच नावाची कुकी पाठवली. ब्राउझरने जुनी पुसून नवी ठेवली. टेस्टवर दोन टॅबमध्ये दोन पोर्टं उघडली तरी हेच होतं, कारण कुकी पोर्ट बघत नाही, फक्त होस्ट आणि मार्ग बघते. चौथ्या नोडच्या कॉन्टेक्स्टमध्ये सेशन कुकीचं नाव वेगळं दिलं आणि ओळख पटवायला एजंटांच्या ॲपसाठी केलेलं तेच टोकन टेबल वापरलं. ३१ मार्चला ताईंनी दिवसभर तेरीज काढली. लॉगिनबद्दल फोन आला नाही, प्रिंटरबद्दल आला.